बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं नसतं

या वेळचं पत्र लातूर जिल्ह्यातून आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नाव नाही. पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देतेय.

"ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १३ किलो. मागच्या आठवड्यात रात्रभर कान धरून रडला, ताप १०२, सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. डॉक्टरांनी कानात बॅटरी लावून बघितलं आणि कानात इन्फेक्शन आहे म्हणून अँटिबायोटिकची पावडरची बाटली लिहून दिली, साडेतीन मिली सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. दोन दिवसांत ताप गेला, खेळायला लागला. आज पाचवा दिवस, सकाळी बघितलं तर बाटलीत जेमतेम तळाला थोडं उरलंय. सासूबाई म्हणतात बाटली संपली, ताप गेला, आता बास कर, लेकराला कालपासून दोन-तीनदा पातळ शी होतेय ती या औषधानेच. छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लेकरं गेल्याची बातमी आल्यापासून त्या सिरप म्हटलं की घाबरतात. मिस्टर म्हणतात फ्रीजमध्ये नणंदेच्या मुलीची दिवाळीतली अर्धी बाटली आहे, तीच दोन दिवस दे, कशाला परत खर्च. मला काय करावं कळेना. अजून एक, तो औषध थुंकतो म्हणून मी दुधाच्या बाटलीत घालून देते, आणि मोजायचं टोपण हरवलंय म्हणून घरातल्या चमच्याने पाऊण चमचा देते, चालेल ना?"

ताई, तुम्हाला मी त्याच दिवशी फोनवर थोडक्यात सांगितलं होतं की दुपारच्या आत मेडिकलमधून दुसरी बाटली आणा आणि डॉक्टरांना एक फोन करा. आता इथे सविस्तर लिहिते, कारण मी २२ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे आणि तुमचा हा प्रश्न मला महिन्यातून दहा वेळा तरी कोणीतरी विचारतंच, आणि जे विचारत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आधी हिशोब करू, कारण सगळा घोळ तिथेच झालाय. साडेतीन मिली, दिवसाला दोनदा, म्हणजे दिवसाचे ७ मिली. सात दिवसांचे ४९ मिली. आणि बाटली आहे ३० मिलीची. म्हणजे चार दिवस बरोबर गेले, २८ मिली संपलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी तळाला २ मिली उरलं, तुमच्या बाटलीत जेमतेम जे दिसतंय ते. तुमच्याकडून काही सांडलं नाही की जास्त गेलं नाही, बाटलीच मुळात सात दिवसांची नव्हती. ती कंपनीने ३० मिलीची बनवली, तुमच्या लेकराचं वजन आणि आजार बघून नाही बनवली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर बहुतेक दोन बाटल्या लिहिल्या असतील किंवा नुसतं सात दिवस लिहिलं असेल, आणि मेडिकलवाल्याने एक दिली, ही संपली की या असं म्हणाला असेल किंवा गर्दीत म्हणायचं राहिलं असेल. हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी सांगायलाच पाहिजे आणि आम्ही कितीदा सांगत नाही, हे मी मान्य करते. म्हणून आता तुम्हीच विचारत जा, दुकानातच, की "ही बाटली किती दिवस पुरेल?" एवढा एक प्रश्न.

आणि दोन्ही बाटल्या आणल्या तरी दोन्हीत एकदम पाणी घालून ठेवू नका. या औषधात, म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडच्या ड्राय सिरपमध्ये, एकदा पाणी पडलं की ते फ्रीजमध्ये ठेवून फक्त सात दिवस चांगलं राहतं. पावडर कोरडी असेपर्यंत एक्सपायरीपर्यंत टिकते. म्हणून पहिली संपली की मगच दुसरी करायची.

आता दुसरी बाटली आणताना एक गोष्ट अगदी डोळ्यात तेल घालून बघा. हे औषध दोन ताकदीत सर्रास मिळतं, एक २२८.५ आणि एक ४५७. हे आकडे दर ५ मिलीमागे किती मिलीग्रॅम औषध आहे त्याचे आहेत. दुसरी पहिलीच्या बरोबर दुप्पट. खोकी सारखी, बाटली सारखी, रंग जवळजवळ सारखा, नावापुढे डुओ, फोर्ट, डीएस असं काहीतरी शेपूट असतं तेवढाच फरक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिली बाटली ४५७ ची आहे, डॉक्टरांनी साडेतीन मिली त्याच हिशोबाने लिहिलंय. समजा आता दुकानात ती नव्हती आणि त्यांनी २२८.५ दिली, आणि तुम्ही तेच साडेतीन मिली देत राहिलात, तर पोराला निम्माच डोस जाईल. आणि उलटं झालं तर दुप्पट. माझ्यासमोर असं झालेलं आहे, दुसऱ्या एका दुकानातून बदललेली बाटली घेऊन एक आजी आल्या होत्या, तीन दिवस निम्मा डोस गेला होता आणि पोराचा ताप परत चढला होता. म्हणून जुनं खोकं टाकू नका, दुसरी आणायला जाताना हातात घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून आकडा जुळवा. आकडा वेगळा असेल तर परत फिरा किंवा डॉक्टरांना फोन लावून नवीन मिली विचारा, स्वतः अंदाजाने दुप्पट-निम्मं करू नका. पॅरासिटॅमॉलचंही असंच आहे बरं, तापाचं सिरप वेगळ्या ताकदीत मिळतं आणि बाळाचे ड्रॉप्स तर सिरपपेक्षा कितीतरी घट्ट असतात, ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिले तर अनर्थ होतो.

पाणी कसं घालायचं तेही सांगते, कारण हेच बहुतेक घरी चुकतं. शक्यतो दुकानातच पाणी घालून मागा. घरी करणार असाल तर आधी बाटली उलटीसुलटी करून तळाशी बसलेली पावडर ठोकून मोकळी करा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, कोमटसुद्धा नको, किंवा खोक्यात जी पाण्याची छोटी बाटली येते ती. निम्मं पाणी घाला, टोपण लावून जोरात हलवा, मग लेबलवर किंवा काचेवर जो बाण किंवा रेघ आहे तिथपर्यंत उरलेलं घाला, परत हलवा. आता गंमत अशी की हलवल्यावर पातळी खाली जाते, फेस बसतो, तेव्हा दोन मिनिटं थांबून रेघेपर्यंत परत थोडं पाणी घालायचं. रेघेच्या वर गेलं तर औषध पातळ, खाली राहिलं तर घट्ट, म्हणजे डोस पहिल्या चमच्यापासूनच चुकला. एक मावशी गळ्यापर्यंत पाणी भरून न्यायच्या, जास्त दिवस पुरतं म्हणून, त्यांना वाटायचं सरबतासारखं आहे. मग पेनाने बाटलीवर तारीख लिहा, आणि दर वेळी द्यायच्या आधी बाटली नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं, पहिले डोस पाण्यासारखे जातात आणि शेवटचे जड.

ठेवायची फ्रीजमध्ये, आतल्या कप्प्यात. दारात नको, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, आणि फ्रीझरमध्ये तर अजिबातच नको. तुमच्याकडे लाइट जाते हे मला माहीत आहे, तास-दोन तास गेली तर फ्रीज बंद ठेवा, काही होत नाही. पण ज्यांच्याकडे फ्रीजच नाही त्यांनी लाजू नका, डॉक्टरांना सरळ सांगा, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, एका चमचा पाण्यात टाकली की विरघळते, आणि लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ तर अमॉक्सिसिलिनची अशीच गोळी सुचवतात, ती फ्रीजशिवाय राहते आणि मिसळायचा घोळच नाही. अजून एक, सगळीच अँटिबायोटिकं फ्रीजमध्ये ठेवायची नसतात, काही सिरप फ्रीजमध्ये घट्ट होतात, तेव्हा शेजारणीचं ऐकू नका, आपल्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा.

आता तुमचा पाऊण चमचा. ताई, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी एकदा घरी बसून सिरिंजने पाणी भरून आमच्याच घरातले पाच चमचे मोजले होते, एकात अडीच मिली मावलं आणि पोहे खायच्या चमच्यात सात. तुमचा कोणता चमचा, त्याचा पाऊण म्हणजे किती, हे तुम्हाला तरी कसं कळणार? आणि उद्या सासूबाईंनी दिलं तर त्यांचा चमचा वेगळा. मेडिकलमध्ये पाच मिलीची सिरिंज मिळते, पाच-दहा रुपयांत, सुई काढून द्या म्हणा किंवा तोंडात द्यायचीच सिरिंज किंवा ड्रॉपर मागा. साडेतीनची रेघ काउंटरवरच दाखवून घ्या आणि तिथे मार्करने खूण करून घ्या, मग घरात कोणीही दिलं तरी तेवढंच जातं. सिरिंजच्या टोकाला छोटं प्लॅस्टिकचं टोपण असतं ते मात्र आधी काढून लगेच कचऱ्यात टाका, मुलांच्या घशात अडकण्याएवढंच असतं ते.

द्यायचं कसं, तर मांडीवर ताठ बसवून, आडवं पाडून नाही. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, दात आणि गालाच्या मधे, आणि थोडं थोडं सोडायचं, गिळलं की पुढचं. जिभेच्या मधोमध पिचकारी मारली की तो थुंकणारच आणि घशाच्या मागे मारली तर ठसका लागतो. नाक दाबून देणं तर नकोच नको, आमच्या आधीच्या पिढीत सर्रास करायचे पण औषध श्वासनलिकेत जायची भीती असते. फ्रीजमधलं गार गार द्या, गारपणाने चव कमी लागते, मागून एक घोट पाणी किंवा आवडीचं काही. साडेतीन वर्षांच्या मुलाला समजावून सांगितलेलं बरंच कळतं, सिरिंजचा दांडा त्यालाच ढकलू द्या, माझ्या भाच्याने त्या एका गोष्टीवर अख्खा कोर्स पूर्ण केला.

दुधाच्या बाटलीत घालणं बंद करा. दूध या औषधाला बाधत नाही, अडचण ती नाहीये, अडचण अशी की अर्धी बाटली पिऊन तो झोपला तर किती औषध पोटात गेलं आणि किती बाटलीला चिकटून राहिलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फारच हट्ट करत असेल तर एका चमचा मऊ केळ्यात किंवा श्रीखंडात मिसळून लगेच, तुमच्या समोर, पूर्ण भरवा, मिसळून ठेवू नका. ज्यांचं बाळ वर्षाच्या आतलं आहे त्यांनी मधात मात्र देऊ नका, एक वर्षापर्यंत मध चाटवायचाच नसतो.

उलटी झाली तर काय, हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं बाहेर आलं तर साधारण तोच डोस एकदा परत देतात, तासभर गेला असेल तर परत द्यायचा नाही, आणि मधल्या वेळेत काय करायचं ते डॉक्टरांना विचारून. दर डोसला उलटी होत असेल तर डॉक्टरांकडे जायचंच. डोस विसरलात तर आठवेल तेव्हा द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या, दोन डोस एकत्र कधीच नाही. आणि दिवसातून दोनदा म्हणजे बारा तासांच्या अंतराने, सकाळी आठ आणि रात्री आठ, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा असं नको.

पातळ शी. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, ती बहुतेक या औषधानेच होतेय. यातलं क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड पोटाला थोडं लागतं, आणि अँटिबायोटिक पोटातल्या चांगल्या जंतूंनाही मारतं. दिवसातून दोन-तीनदा होतेय, पोर खेळतंय, पाणी पितंय, लघवी नेहमीसारखी आहे, तर औषध बंद करायचं कारण नाही. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर द्या, बराच फरक पडतो. ताक-भात, मऊ खिचडी, केळं चालू ठेवा, ओआरएस पाजा, आणि ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरचं असतं आणि छोटं २०० मिलीचं, तेव्हा पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा. पण शीत रक्त दिसलं, सारखे पाण्यासारखे जुलाब, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं, यातलं काही एक झालं तरी वाट बघू नका.

आणि अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या तर पुढचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. ओठ-डोळे सुजले, आवाज घोगरा झाला किंवा श्वास लागला तर सरळ १०८ ला फोन, घरगुती काही नाही. आणि एकदा अशी अ‍ॅलर्जी झाली की त्या औषधाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना आधी तेच सांगा.

छिंदवाड्याबद्दल. सासूबाई घाबरतात यात त्यांचं काही चुकत नाही. २०२५ मध्ये तिथे वीसपेक्षा जास्त लेकरं गेली, त्यातली कित्येक उपचाराला आपल्या नागपूरला आणली होती, त्या बातम्या वाचताना माझाही हात थरथरला, मी तर रोज सिरपच हातात देते लोकांच्या. पण त्यांना हे नीट समजावून सांगा की ते खोकल्याचं तयार पातळ सिरप होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन सापडलं होतं. तुमच्या हातात आहे ती कोरडी पावडर, त्यात पाणी आपण घालतो, आणि ती डॉक्टरांनी कान बघून दिलीय. भीती योग्य ठिकाणी वापरू या, म्हणजे सर्दी-खोकल्याचं सिरप स्वतःहून मागून आणायचं नाही, बिल घ्यायचं, बॅच नंबर आणि एक्सपायरी बघायची.

आता फ्रीजमधली दिवाळीची बाटली. ती आज फेका, उद्या नाही. एक तर पाणी घातल्यापासून तिचे सात-चौदा दिवस कधीच उलटलेत. दुसरं, तुम्ही तिचं नाव मला कळवलंत, ती सेफिक्झिम आहे, हे औषधच वेगळं आहे. अँटिबायोटिक म्हणजे सगळं एकच असं मिस्टरांना वाटतंय, तसं नसतं, कानाला वेगळं, लघवीच्या इन्फेक्शनला वेगळं, टायफॉइडला वेगळं, आणि किती द्यायचं ते वजनावर. सेफिक्झिम तर शेड्यूल एच-वन मधलं, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतलं औषध आहे, ते विकताना आम्हाला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं, इतकं जपून वापरायचं ते. खोक्यावर किंवा गोळीच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की समजायचं हे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. फेकताना बेसिनमध्ये ओतू नका, वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून पिशवी बांधून कचऱ्यात टाका.

सात दिवसच का, पाचव्या दिवशी बरा दिसतोय तर? ताप आणि ठणका जातो तेव्हा जंतू बरेच कमी झालेले असतात, पण संपलेले असतातच असं नाही, आणि कानाच्या पडद्यामागे जे साठलंय ते बाहेरून दिसत नाही. अर्धवट सोडलं आणि इन्फेक्शन परत उलटलं तर लेकराला पुन्हा सगळं पहिल्यापासून. अर्धामुर्धा डोस दिला की जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल घेतानाच सांगून ठेवलंय. आता काही आजारांत डॉक्टर स्वतःच कमी दिवस देतात, काही न्यूमोनियात तीन ते पाच दिवसच, म्हणजे जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं असंही काही नाही. पण तो आकडा तपासणाऱ्या माणसाने ठरवायचा असतो. सासूबाईंना वाटत असेल पाच पुरेत, तर त्यांनाच घेऊन डॉक्टरांकडे जा आणि समोर विचारा, डॉक्टर हो म्हणाले तर पाच. नाहीतर सात. उलटंही तेवढंच महत्त्वाचं, साधी सर्दी, नाक गळणं, बहुतेक घसे हे व्हायरसचे असतात, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं नाही तर "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणून मागे लागू नका.

दुसऱ्या बाटलीतलं तुम्हाला सगळं मिळून साधारण १९ मिली लागेल, ११ मिली उरेल, ते उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, सातव्या दिवशीच बाहेर. मधे एखादा डोस चुकला असेल तर तो डॉक्टरांना सांगा, लपवू नका, ते रागावले तरी चालेल.

आणि ताई, कान वाहतोय तोवर त्यात लसणाचं तेल, कोमट खोबरेल, काहीही घालू नका, सासूबाईंनी कितीही मायेने केलं असलं तरी. पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. आंघोळीला कानात पाणी जाऊ देऊ नका, आणि सात दिवस झाले की तो कितीही ठणठणीत दिसला तरी एकदा त्याच डॉक्टरांना कान दाखवून आणा, मला कळवा काय म्हणाले ते.